मीठफुटीच्या रानात कोळंबी: वाळवा तालुक्यातलं एक प्रकरण

वाळवा तालुक्यात कृष्णेपासून फार तर दोन किलोमीटरवर एका कुटुंबाची साडेतीन एकर काळी जमीन आहे. गावात तो सगळा पट्टा मीठफुटीचं रान म्हणूनच ओळखला जातो. उन्हाळ्यात वर पांढरी खपली धरते, पावसाळ्यात पाणी हटत नाही आणि अडीच-तीन फूट खणलं की खारट पाणी लागतं. या रानात कधीकाळी एकरी साठ टन ऊस निघायचा, असं घरातले थोरले अण्णा सांगतात. आता तिथं लव्हाळा आणि वेडी बाभूळ आहे.

घरातल्या कृषी पदवीधर पुतण्यानं या रानासाठी एक प्रकल्प अहवाल तयार केला. एकेक एकराची दोन तळी आणि त्यांत व्हेनामी जातीची कोळंबी. कल्पना हवेतली नव्हती. हरियाणा, पंजाब आणि राजस्थानात खाऱ्या भूजलावर कोळंबी घेतली जाते. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं रोहतकजवळ लाहलीला यासाठी खास केंद्र आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खारट-चोपण जमिनीवरच्या तळ्यांना अनुदानही आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्यामुळे अर्ज काकूंच्या नावानं लिहिलेला होता. त्यात वावगं काही नाही. तळ्यावरचं निम्मं काम त्यांच्याच अंगावर पडणार होतं.

अहवाल तपासायला माझ्याकडे आला. जमाखर्चाची पानं नेहमीसारखी होती. ‘पर्यावरणीय लाभ’ या मथळ्याखाली मात्र एक वाक्य होतं: ‘सदर प्रकल्पामुळे सागरकिनाऱ्यावरील मत्स्यशेतीचा ताण कमी होऊन कांदळवने व सागरी जीवसृष्टीच्या संवर्धनास हातभार लागेल.’ अण्णांनी ते वाचून सरळ विचारलं, “समुद्र कुठं, आपण कुठं? ह्यात समुद्राचं काय आलं?” पुतण्याचं म्हणणं होतं की, लांब आहोत हाच तर फायदा. हे प्रकरण लिहिण्याचं कारण तेवढं एक वाक्य आहे. किनाऱ्यापासून आत सरकलं की मत्स्यशेतीचं समुद्राशी असलेलं नातं तुटतं, असं सगळेच धरून चालतात. मी हिशेब मांडला तेव्हा ते नातं काही ठिकाणी सुटलं, एका ठिकाणी मात्र जसंच्या तसं राहिलं.

पाणी खारं आहे, समुद्राचं नाही

चरातल्या पाण्याची विद्युत वाहकता आठ डेसीसायमन प्रति मीटर भरली. क्षारांच्या भाषेत लिटरला साधारण पाच ग्रॅम. समुद्रात हेच पस्तीसच्या आसपास असतं. व्हेनामी एवढ्या कमी खारट पाण्यातही जगते, त्यामुळे नुसता आकडा पाहून पुतण्या खूश होता.

पण कोळंबीला मीठ किती यापेक्षा मिठात काय आहे हे महत्त्वाचं असतं. कोकणातल्या खारभूमीत क्षार येतात ते भरतीच्या पाण्यानं. सांगलीचे क्षार इथल्याच काळ्या मातीतले आणि खालच्या खडकातले. उपसा योजनांचं पाणी आलं, उसाला पाट भरून पाणी सोडायची सवय लागली, निचऱ्याचे ओढे-नाले बुजले. भूजल वर आलं आणि क्षार सोबत घेऊन आलं. म्हणजे कोकणात रान नासतं ते समुद्राच्या पाण्यानं आणि इथं नासलं ते नदीच्या गोड पाण्यानं. अशा पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, जवळजवळ नसतो. समुद्राच्या प्रमाणात धरलं तर पाच ग्रॅम क्षारांच्या पाण्यात लिटरला ५३ मिलिग्रॅम पालाश हवा. इथं निघाला नऊ. पालाश कमी पडला की कोळंबी कात टाकताना मरते, अंग पांढुरकं पडतं, पेटके येतात.

उपाय माहीत आहे आणि तो प्रत्येक सोसायटीच्या गोदामात मिळतो: म्युरेट ऑफ पोटॅश. एका तळ्यात साधारण ४,९०० घनमीटर पाणी धरलं तर सव्वाचारशे किलोच्या वर पोटॅश लागेल, शिवाय मॅग्नेशियम वेगळं. उसाला टाकायचं पोटॅश तळ्यात ओतायचं, हे ऐकून अण्णा बराच वेळ हसत होते.

थंडीचा मुद्दा अहवालात नव्हताच. व्हेनामीला २६ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटे गारठ्याच्या असतात, त्या काळात ती खात नाही की वाढत नाही. म्हणून फेब्रुवारीअखेर सोडायची आणि जूनमध्ये काढायची, असा एकच भरवशाचा हंगाम उरतो. वर्षाला दोन पिकं धरलेला जमाखर्च तिथंच निम्म्यावर आला.

कांदळवन वाचतं, पण सांगलीमुळे नाही

किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीची बदनामी उगाच झालेली नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची लाट आली. भातशेती खोदून तळी झाली, गावच्या विहिरी खारट झाल्या, कोळ्यांच्या किनाऱ्यावर जायच्या वाटा बंद पडल्या. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालानं पारंपरिक पद्धतीची सोडून किनारा नियमन क्षेत्रातली सगळी कोळंबी तळी मोडायला सांगितली. त्याच सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनं उत्पादनाचं कंबरडं मोडलंच होतं. पुढं २००५ च्या कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटी कायद्यानं या शेतीला पुन्हा वाट करून दिली, पण नोंदणी आणि अटी लावून. हा कायदा भरतीरेषेपासून दोन किलोमीटरपर्यंतच लागू होतो. वाळवा त्यात येत नाही. इथली परवानगी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे.

महाराष्ट्रात कांदळवन राखण्याचं मोठं काम केलं ते २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं आणि २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षानं. सांगलीत तळं खोदलं म्हणून रायगडातलं एखादं तळं कुणी बुजवून तिथं तिवरं लावत नाही. अशी अदलाबदल करणारी कुठलीही यंत्रणा नाही. रायगडचा शेतकरी त्याच्या दराकडे बघून तळं ठेवतो किंवा सोडतो. फार तर एवढं म्हणता येईल की, या तळ्यासाठी नवं कांदळवन तुटणार नाही. हे खरं आहे. पण ‘नुकसान करणार नाही’ आणि ‘संवर्धनास हातभार लागेल’ यांत फरक आहे आणि सरकारी अर्जात तो मुद्दाम पुसला जातो, असं माझं मत आहे.

दुसरा एक दावा लोक सहज करतात: शेतातली मासळी वाढली की समुद्रातली मासेमारी आपोआप कमी होईल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये मत्स्यशेतीचं उत्पादन, म्हणजे ९.४४ कोटी टन, पहिल्यांदाच नैसर्गिक मासेमारीच्या पुढं गेलं. पण मासेमारी त्यामुळे घटलेली नाही. ती ९ कोटी टनांच्या आसपास अनेक वर्षं तशीच आहे. वाढली ती आपली भूक. मिरजेच्या बाजारात रत्नागिरीची सुरमई घेणारा माणूस कटला स्वस्त झाला म्हणून सुरमई सोडत नाही.

गोणीतला समुद्र

खरी गाठ इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

कोळंबीच्या खाद्याची गोणी उलटून पाहिली तर वर प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा छापलेला असतो. प्रथिनं पस्तीस टक्क्यांच्या आसपास. ती कशातून आली ते छापलेलं नसतं. मोठा वाटा आता सोयाबीन पेंडीचा असतो, म्हणजे त्यात वाळव्याचं सोयाबीनही असू शकतं. पण काही वाटा फिशमीलचा, म्हणजे वाळवून दळलेल्या मासळीच्या पिठाचा असतोच, वर थोडं माशाचं तेल. नुसत्या सोयाबीनवर कोळंबी नीट वाढत नाही. तिला लागणारी काही अमिनो आम्लं, कोलेस्टेरॉल आणि मुख्य म्हणजे तो वास बहुतेक करून माशातून मिळतो.

आता एका तळ्याचा हिशेब. बांध वजा जाता पाण्याचं क्षेत्र ३,५०० चौरस मीटर. चौरस मीटरला ३० पिल्लं म्हणजे एक लाख पाच हजार. सत्तर टक्के जगली आणि वीस ग्रॅमची झाली तर साधारण १,४७० किलो कोळंबी. किलोमागं १.४ किलो खाद्य धरलं तर २,०५८ किलो खाद्य. त्यात फिशमील १५ टक्के असेल तर ३०९ किलो. एक किलो फिशमील करायला साडेचार किलोच्या आसपास ताजी मासळी लागते. म्हणजे सुमारे १,३९० किलो मासळी. प्रमाण १० टक्के धरलं तर नऊशे किलोच्या वर आणि २० टक्के धरलं तर १,८५० किलो. जगभरात फिशमीलचा साधारण एक तृतीयांश माल माशाची डोकी, काटे, साफसफाईचा कचरा यांतून येतो; ते वजा केलं तर आकडा आणखी उतरेल. पण शून्यावर येत नाही. दीड टन कोळंबीमागं टनाच्या घरातली समुद्रातली मासळी, एवढं धरून चालायला हरकत नाही.

ती मासळी कुठली? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः तारली, पेडवे आणि ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीकसारीक पिल्लं. मंगळूर-मलपेच्या पट्ट्यात फिशमीलचे कारखाने दाट आहेत. तारलीचं काय झालं ते केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत आहे: केरळात २०१२ साली ३.९ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनही भरली नाही. सगळा दोष कारखान्यांवर टाकता येत नाही. समुद्राचं तापमान आणि एल निनो यांचा त्यात मोठा वाटा होता. पण साठा आधीच खालावलेला असताना अंडी घालण्याआधीची पिल्लं उपसली गेली, तीही फिशमीलला गिऱ्हाईक आहे म्हणून. गिऱ्हाईक नसतं तर ती पिल्लं धरण्यात कुणाला काय मिळालं असतं?

पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. महाराष्ट्रानं माशांच्या अनेक जातींसाठी किमान कायदेशीर आकारही ठरवून दिला आहे. संवर्धनाचे खरे नियम हेच. पण त्यांचा धाक बंदरावर असतो. तेच पिल्लू एकदा दळून पीठ झालं की त्याचा आकार कुणी मोजत नाही. आणि सुरमई, टुना ही तारलीसारख्या बारीक मासळीवर जगणारी मासळी. म्हणजे मिरजेच्या बाजारातली सुरमई आणि वाळव्यातली कोळंबी एकाच ताटात जेवतात.

पुतण्याची दुसरी टूम होती जिताड्याची. अलिबागकडं तळ्यात जिताडा पाळायची जुनी पद्धत आहे, दरही चांगला मिळतो. मी याला सरळ नाही म्हटलं. जिताडा शिकारी मासा आहे. त्याच्या खाद्यात फिशमील कोळंबीपेक्षा जास्त लागतं आणि अनेक ठिकाणी त्याला चिरलेली बारीक मासळीच घालतात. समुद्रापासून घाट ओलांडून शे-सव्वाशे किलोमीटर आत यायचं आणि समुद्रातलीच मासळी आणून घालायची, हा व्यवहार कुठल्याही वहीत बसत नाही.

पिल्लं

बियाण्याच्या बाबतीत मात्र व्हेनामीला गुण द्यावे लागतात. टायगर कोळंबीच्या काळात अंड्याच्या माद्या समुद्रातून धरून आणत. सुंदरबनात लोक खाडीत जाळी ओढून कोळंबीची पिल्लं वेचायचे आणि त्यासोबत आलेली इतर माशांची असंख्य पिल्लं काठावर टाकून द्यायचे. व्हेनामी ही मुळात पॅसिफिक महासागराच्या अमेरिकन किनाऱ्यावरची. भारतात २००९ साली तिला परवानगी मिळाली. तिचे रोगमुक्त नर-माद्या विमानानं येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात जातात. आपल्या समुद्रातून मादी धरावी लागत नाही.

तरी एक धागा राहतोच. हॅचरीत त्या माद्यांना अंड्यावर आणण्यासाठी पॉलिकीट नावाचे चिखलातले किडे खायला घालतात आणि ते बरेचदा किनाऱ्यावरच्या चिखलातून खणून आणलेले असतात. वजन थोडं असतं, म्हणून या हिशेबात मी ते धरलं नाही.

पाणी आणि पूर

३५ टक्के प्रथिनांच्या दोन टन खाद्यातून तळ्यात सुमारे ११५ किलो नत्र जातं. त्यातलं चाळीस-पंचेचाळीस किलो कोळंबीच्या अंगात राहतं. बाकीचं सत्तर किलो पाण्यात आणि तळाच्या गाळात. युरियाच्या भाषेत साडेतीन गोण्या. गोड्या पाण्यातल्या मासळीच्या तळ्याचं असं पाणी उसाला सोडलं की खतच. हे पाणी मात्र खारट आहे, वर त्यात आपणच पोटॅश घातलेलं. ते शेजारच्या चांगल्या रानात सोडणं म्हणजे स्वतःचं दुखणं शेजाऱ्याला देणं. उरतो ओढा, आणि ओढा कृष्णेला मिळतो. मे-जूनमध्ये नदी आटलेली असते आणि तिच्यावर खालच्या गावांच्या पाणीयोजना असतात. मेलेल्या माशांचा खच कृष्णाकाठानं याआधी पाहिलेला आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

हे नत्र समुद्रापर्यंत पोचेल का? नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून सांगलीत येते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. सगळा मिळून १,४०० किलोमीटरचा प्रवास. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आडवी आहेत. एका तळ्याचं पाणी तिथवर पोचतं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. त्याच मुखाशी कृष्णेचं कांदळवन आहे, आजूबाजूला कोळंबीची अफाट तळी आहेत आणि वाळव्यात येणारी पिल्लंही त्याच राज्याच्या किनाऱ्यावरून टेम्पोनं येणार होती. नदी तिकडं जाते, पिल्लं इकडं येतात. नात्याची दिशा तेवढी उलटी आहे.

पुराचा प्रश्न जास्त जवळचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. त्या वर्षी या रानातही पाणी होतं. तळं बुडालं तर कोळंबी नदीत जाईल. व्हेनामी गोड्या पाण्यात वंश वाढवू शकत नाही, तिच्या अळ्यांना समुद्राचं पाणी लागतं, त्यामुळे तिलापियासारखी ती नदीत ठाण मांडणार नाही. पण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू नदीतल्या खेकड्यांना आणि झिंग्यांनाही धरतो. म्हणून जून संपायच्या आत तळं रिकामं, ही अट मी सगळ्यात वर लिहिली.

काय ठरलं

दोन बैठका झाल्या. पहिलीत पुतण्या रागावला होता, आणि मला त्याचा राग पटत होता. रान पडून आहे, घरात पैसा येत नाही आणि कुणीतरी तारलीचा हिशेब काढून दाखवतंय. दुसऱ्या बैठकीत त्यानं स्वतः खाद्य कंपनीच्या माणसाला फोन लावून फिशमीलचं प्रमाण विचारलं. उत्तर मिळालं, “ते फॉर्म्युल्यात असतं, सांगता येत नाही.” त्यानंतर तो जिताड्याबद्दल काही बोलला नाही.

शेवटी एक एकराचं एकच तळं घ्यायचं ठरलं. त्यात पहिली दोन वर्षं रोहू, कटला आणि सायप्रिनस हे गोड्या पाण्यातले मासे. पाच ग्रॅमचा खारटपणा त्यांना काठावरचा आहे, म्हणून पावसाचं पाणी साठवून तो निम्म्यावर आणायचा आणि मगच बोटुकली सोडायची. खाद्य शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. या मासळीला समुद्रातून काही लागत नाही. पैसा कोळंबीच्या मानानं कमी, पण बुडायची भीतीही कमी. काकूंना हे लगेच पटलं, कारण पेंड घरच्याच घाण्यावरची आहे.

कोळंबी रद्द झालेली नाही. ती तीन अटींवर पुढं ढकलली: निघालेलं पाणी थांबवायला वेगळा खड्डा, खाद्यातल्या फिशमीलचं प्रमाण लेखी देणारा पुरवठादार आणि जून संपायच्या आत काढणी. तिसरी अट हातात आहे. पहिलीला जागा निघेल. दुसरी कधी जमेल सांगता येत नाही, आणि तीच समुद्राच्या दृष्टीनं सगळ्यात वजनदार आहे. एकट्या शेतकऱ्यानं मागून ती मिळणार नाही. अनुदान देणाऱ्या खात्यानं गोणीवर छापायची सक्ती केली तर एका ओळीत मिळेल.

उरलेल्या अडीच एकरांत सच्छिद्र पाईपचा निचरा घालायचा आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं या कामावर बरंच काम आहे आणि जिल्ह्यात अशा निचऱ्यानं रानं परत उसाखाली आलेली आहेत. खरं तर मीठफुटीवरचं मूळ औषध हेच. तळं हा त्यातल्या त्यात मार्ग, आणि तळ्याला प्लास्टिकचा कागद न घालता ते तसंच खोदलं असतं तर शेजारची रानं आणखी पाझरली असती.

अर्जातलं ते वाक्य काढलं. त्याजागी पुतण्यानं लिहिलं: ‘सदर तळ्यात फिशमीलविरहित खाद्य वापरले जाईल व तळ्यातील पाणी ओढ्यात सोडले जाणार नाही.’ कांदळवनाचं नाव त्यात कुठं नाही. निचऱ्याचा पाईप खालच्या बांधावरून न्यायला दोन शेजाऱ्यांची संमती लागते. एकानं सही दिली आहे. दुसरे मुंबईला असतात, ते दिवाळीत गावी आले की बोलणं होईल.